पैसे देऊन खडी

सायकल घेतल्याचं आईला फोनवर सांगितलं, तेव्हा तिनं आधी किंमत विचारली. मी युरोत सांगितली. तिनं मनातल्या मनात तिचे रुपये केले आणि मग बराच वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

"क्यारेज हाय का तिला?"

"नाही."

"श्टँड?"

"नाही."

"मडगार्ड तरी?"

"अगं, ही खडीवर चालवायची सायकल आहे. खास खडीसाठीच बनवतात."

"मग तिकडं रस्ते न्हाईत व्हय रं?"

रस्ते आहेत. मी जर्मनीत कार्ल्सरूहला राहतो, आणि इथले रस्ते इतके गुळगुळीत आहेत की लोकांना खडीचं अप्रूप वाटतं. अशा सायकलीला इथे ग्रॅव्हल बाइक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडीच. फक्त इंग्रजीत म्हटलं की छंद होतो आणि मराठीत म्हटलं की ठेकेदार आठवतो.

मला तर आठवतोच. आमचं गाव बार्शीकडचं. शाळा सहा किलोमीटरवर. मी पाचवीत असताना त्या रस्त्यावर खडी अंथरली गेली, मागून रोलर आला, लिंबाखाली बंद पडला आणि माझी दहावी होईपर्यंत तिथेच उभा राहिला. त्याच्या सीटवर बसून आम्ही पेरू खायचो. डांबर येणारच होतं. तोवर वडिलांच्या काळ्या सायकलवर, नळीखालून तिरका पाय घालून, हाप पायडल मारत मी त्या खडीवरून शाळा केली. डाव्या गुडघ्यात एक खडा अजून असावा, असा मला संशय आहे. पुढे इंजिनिअरिंग, पुणे, जर्मनी ही सगळी धडपड म्हणजे मुळात त्या सहा किलोमीटरपासून लांब जाण्याची होती.

म्हणून ऑफिसातल्या जर्मन सहकाऱ्यानं विचारलं, "तू कधी ग्रॅव्हल केलंयस का?" तेव्हा मी सहज म्हणून गेलो, "सहा वर्षं. रोज." त्याच्या डोळ्यांत जो आदर दिसला, त्या आदरापायीच सायकल घ्यावी लागली.

जूनमधला शनिवार ठरला. आमच्या दक्षिणेला श्वार्झवाल्ड, म्हणजे काळं जंगल. त्याच्या मध्य आणि उत्तर भागाचा मिळून एक नातूरपार्क आहे. आपल्या अभयारण्यासारखं हे प्रकरण नाही. इथे गावं आहेत, गायी आहेत, लाकूडतोड आहे, हॉटेलं आहेत. त्याच्या पोटात २०१४ पासून एक राष्ट्रीय उद्यान आहे, तिथलं धोरण मात्र वेगळं: पडलेलं झाड पडलंय तिथेच राहू द्यायचं. संध्याकाळपर्यंत या धोरणाबद्दल मला विशेष जिव्हाळा वाटायला लागला होता.

मुर्ग नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या गाडीनं आम्ही फोरबाखला उतरलो. छप्पर घातलेल्या लाकडी पुलाजवळ फोटो काढले. माझे दिवसभरातले माणसासारखे फोटो तेवढेच. तिथून वर श्वार्झेनबाखच्या धरणापर्यंत जायचं. नकाशावर चार बोटं. फोरबाख समुद्रसपाटीपासून तीनेकशे मीटरवर आणि तलावाचं पाणी ६६८ मीटरवर, ही बारीकसारीक गोष्ट सहकाऱ्यानं स्टेशनवर सांगितली नव्हती.

जंगलातला रस्ता लाकडाच्या ट्रकांसाठी केलेला. रुंद, लालसर दगडाच्या खडीचा, दोन्ही बाजूंना ओंडक्यांच्या चळती, ताज्या डिंकाचा वास. आणि मुख्य म्हणजे या खडीवर रोलर फिरलेला! मी थांबून बुटानं दाबून पाहिलं. दबत नव्हती. सहकाऱ्याला वाटलं मी दमलो. दमलोही होतो, पण तो निव्वळ योगायोग.

चढावर एक आजी मागून आल्या. सत्तरीच्या आसपास, बॅटरीची सायकल, पुढच्या टोपलीत छोटं कुत्रं. "हालो!" म्हणाल्या आणि वळणाआड गेल्या. कुत्रं मात्र वळण येईपर्यंत माझ्याकडे वळून पाहत होतं, आणि ती नजर मी विसरू शकत नाही.

थोड्या वेळानं मी उतरून सायकल ढकलायला लागलो. याला इथे भक्कम परंपरा आहे. दुचाकीचा आद्य कर्ता कार्ल ड्राइस आमच्याच कार्ल्सरूहचा, १७८५ चा जन्म, आणि हुद्द्यानं बाडेन संस्थानाचा जंगल अधिकारी. १८१७ मध्ये मानहाइममध्ये त्यानं आपलं लाकडी यंत्र रस्त्यावर आणलं, तेव्हा त्याला पायडलच नव्हतं. जमिनीवर पाय मारत जायचं. तरीही पहिल्या फेरीत गड्यानं सुमारे तेरा किलोमीटर तासाभराच्या आत कापले. माझ्या मुठीवरचा स्क्रीन त्या वेळी ताशी चार दाखवत होता. दोनशे वर्षांची प्रगती, बावीस गिअर आणि मी.

वाटेत एक मोहक पायवाट फुटली. सावलीची, मऊ मातीची, आणि उताराची! मी वळणार तेवढ्यात दोन काठ्या घेतलेले एक आजोबा समोर उभे. "दोन मीटर," म्हणाले. मला वाटलं अंतर सांगतायत. पण इथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याचा कायदाच आहे: जंगलातली वाट दोन मीटरपेक्षा अरुंद असेल आणि तशी खास परवानगीची पाटी नसेल, तर तिथे सायकल चालवायची नाही. मी दोन्ही हात पसरून वाट मोजू लागलो. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "एक ऐंशी." पुन्हा खडीवर.

धरणाच्या काठावर डबा काढला. बायकोनं शेंगदाण्याचे सहा लाडू दिले होते. आता एक कबुली. अशा जाड टायरांत हवा कमी ठेवायची असते, म्हणजे खडीचे धक्के टायर गिळतं. सहकाऱ्यानं तसं बजावलंही होतं. पण चाक अंगठ्यानं दाबून ते दगडासारखं लागल्याशिवाय निघायचं नाही, हा आमच्या घरचा संस्कार. मी टम्म हवा भरली होती. परिणामी धरणापर्यंत माझे दात, चष्मा आणि मुठीपुढची पिशवी सलग थरथरत होती. डबा उघडला, तर आत लाडू नव्हते. कूट होतं, एकसारखं, बारीक, मिक्सरलाही जमणार नाही असं. गूळ वेगळा, दाणे वेगळे. सहकाऱ्याला ते इतकं आवडलं की त्यानं पाककृती विचारली. मी म्हटलं, आधी लाडू करायचे, मग चार बारची हवा.

पुढचा हेरेनवीस ते हुंड्सएकचा भाग मला फारसा आठवत नाही.

मुमेलझे तलावावर पोचलो तेव्हा घड्याळात दोन वाजले होते. १,०३६ मीटर उंचीवरचा काळाशार तलाव, त्यात म्हणे जलपऱ्या राहतात. काठावर मात्र टूरच्या बसमधून सँडल घालून उतरलेली शंभरेक माणसं चेरीचा केक खात होती. पलीकडे लोक तासाचे पैसे मोजून पायडलच्या बोटी चालवत होते. मी त्यांच्याकडे पाहत बसलो. कुणाला काही सांगण्यात अर्थ नव्हता.

वरचा डोंगर हॉर्निसग्रिंड, ११६४ मीटर, उत्तर श्वार्झवाल्डातला सर्वांत उंच. ग्रिंड म्हणजे इथल्या बोलीत टक्कल, कारण माथ्यावर झाडं नाहीत. सहकारी म्हणाला, जाऊन येऊ. मी हेल्मेट काढून त्याला जवळचं ग्रिंड दाखवलं. तो समजला.

मग उतार. अहाहा! झासबाखवाल्डन गावाच्या दिशेनं जंगल खाली सरकत होतं, ब्रेक कण्हत होते, आणि एका टोकदार दगडावर मागचं चाक आपटलं. या टायरांत ट्यूब नसते. आत पांढरं दूध भरलेलं असतं, भोक पडलं की ते तिथे जमून बुजवतं. बुजवतंच, पण आधी उडतं. रुईचं पान तोडल्यावर चीक यावा तसं, फक्त चाकाच्या वेगानं. मी वाकून पाहायला गेलो ही चूक. भोक बुजलं तेव्हा मी पोळ्याच्या बैलासारखा ठिपक्याठिपक्यांचा झालो होतो. सहकाऱ्यानं फोटो काढला. तो आता ऑफिसात चहाच्या मशीनवर आहे.

गावाजवळ कडेला झऱ्याच्या पाण्याचा लाकडी हौद दिसला. तोंड धुवायला वाकलो, तर आत गार पाण्यात बाटल्या: फळांची दारू, सफरचंदाचा रस. शेजारी पैशांची पेटी, आसपास कुणी नाही. पेटीत नाणी टाकली, रस काढला आणि गवतावर आडवा झालो. तेवढ्यात फोन वाजला. आई.

"आरं, आपल्या रस्त्याला डांबर पडलं!"

मी ताडकन उठून बसलो. "सगळ्या?"

"सगळ्या कुठलं. मारुतीच्या देवळापातूर. म्होरं खडीच हाय."

"राहू दे तशीच," मी म्हटलं. "दिवाळीला सायकल घेऊन येतोय."

बराच वेळ पंख्याचा आवाज येत राहिला.