विनोद भुताचा नको, माणसांचा हवा

विनोद आला की भयकथेतली भीती मरते, हे एका लेखात वाचलेलं मत पटलं नाही. भीती मरते ती विनोद भुताच्या तोंडी घातल्याने. भुताने कोटी केली की ते शेजारी होतं, संपलं! हसू माणसांच्या हट्टातून यायला हवं. समजा, गिरगावातल्या चाळीत पहाटे सामायिक संडासाच्या रांगेत एक डबा जास्त दिसतो. भांडण जुंपतं नंबरावरून; डबा कोणाचा, हे कुणीच विचारत नाही. वाचक इथे हसतो. मग दोन-तीन वाक्यांतच तो डबा रिकामा झालेला दाखवा, कुणी न हलवता. मध्ये परिच्छेदभर वर्णन घातलंत तर हसू विरतं आणि धक्का वाया जातो. आणि भूत कोणाचं, हे समजावत बसू नका, कळकळीची विनंती.