मिस्टरांना द्या ना फोन

"मॅडम, मिस्टर आहेत का घरात? त्यांना द्या ना फोन, जरा टेक्निकल आहे."

सर्व्हिस सेंटरचा फोन. टेक्निकल! गाडी माझी, हप्ते माझे, आरसी बुकावर नाव माझं. शुक्रवारी रात्री पावणेबाराला वाकोल्याच्या पुलाजवळ बोनेटमधून निघालेला धूर गेला तोही माझ्याच नाकात. दहा नंबरचा पाना काढून बॅटरीची निगेटिव्ह सोडवली ती मी, मागून ट्रकवाले हॉर्न मारत असताना. आमच्या ह्यांना लग्नाला चौदा वर्षं झाली तरी बोनेटचा खटका सापडत नाही, दर वेळी डिझेलचं झाकण उघडतात. पण टेक्निकल त्यांच्याशीच बोलायचं.

दिला फोन. मला बघायचंच होतं.

"हो... हो... अच्छा... बघा काय ते, करून टाका."

संपलं. ६१,८०० रुपयांचं एस्टिमेट मंजूर! मी म्हटलं, अरे मंजूर कशाला केलंस? तर म्हणे, "अगं, तो म्हणाला सेफ्टीचा इश्यू आहे." इश्यू! हा शब्द ऐकला की माझं डोकंच उठतं. एसी थंड होत नाही, इश्यू. दाराचं रबर निघालं, इश्यू. तुम्ही बिघडवलं की तो इश्यू, आम्ही विचारलं की आम्ही भांडकुदळ.

आता एस्टिमेट ऐका. बॅटरी चार्ज करणारा डायनामा नवा, ठीक, तो गेलाच आहे. बॅटरी नवी, तीही उकळून फुगलीय, मान्य. पण पुढे इंजिनाची अख्खी वायरिंग किट, आणि डॅशबोर्ड उतरवायची मजुरी! जळालंय किती? मी टॉर्च धरून बघितलंय. डायनामाकडून बॅटरीकडे येणारी जाड केबल, तिच्यालगतच्या चार-पाच बारीक वायरी, सगळं मिळून वीतभर. नळी वितळलीय, आतल्या वायरींचा एकच काळा गोळा झालाय, लाल कुठली नि पिवळी कुठली ते कळत नाही, बोट लावलं तर गुळाच्या पाकासारखा चिकटलेला. तेवढा तुकडा कापायचा, त्याच जाडीची वायर जोडायची, सोल्डर मारायचं, वर गरम केली की आवळणारी हीट श्रिंक नळी चढवायची. चांगल्या वायरमनचं अर्ध्या दिवसाचं काम. पण नाही. "वायर सुटी येत नाही मॅडम, सेटच येतो."

वर म्हणे, "पार्किंगमध्ये उंदीर आहेत का? उंदरानं खाल्ली असेल." अहो, गोरेगावात राहते मी, आमचे उंदीर मांजरांना हाकलतात. पण उंदीर कुरतडतो हो, वितळवत नाही!

इन्शुरन्सवाल्यांचं तर विचारूच नका. इलेक्ट्रिकल ब्रेकडाऊन पॉलिसीत बसत नाही. पेट घेतला असता तर तो क्लेम, नुसता धूर निघाला तर तो तुमचा खर्च. म्हणजे दहाचा पाना काढून मीच स्वतःचं नुकसान केलं. टोइंगवाल्यानं हायवे म्हणून जास्तीचे घेतले, आणि गाडी नाही म्हणून आठवडाभर रिक्षा. कालच्याला हात केला, थांबला, ऐकून घेतलं, मान हलवली आणि गेला. नुसता जायचं होतं तर थांबलास कशाला रे बाबा?

आणि हे सगळं चालू असताना परवा दुपारी एका मुलीचा फोन. "मॅम, आमच्या सर्व्हिसला पाच स्टार द्याल ना? चार दिले तर आम्हाला झिरो धरतात." गाडीचं बोनेट अजून उघडं आहे गं! पण तिच्यावर ओरडून काय करू, दिले पाच.

बरं, खोटं कशाला बोलू. शुक्रवारी बीकेसीतून निघाले तेव्हाच हेडलाइट कधी नव्हे इतके लख्ख पडत होते, आणि मी मनात म्हटलं, वा, काय उजेड आहे! डायनामाचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर गेला की चौदा-साडेचौदा व्होल्ट सतरा-अठरावर जातात, बल्ब आधी दिवाळी करतात आणि मग उडतात, हे मला माहीत आहे. माहीत होतं. कलानगरला सडक्या अंड्यांचा वास आला तो उकळणाऱ्या बॅटरीचा. मी काच वर केली, मिठी नदीला चार शिव्या दिल्या आणि रेडिओ वाढवला.

एवढंच असतं तरी चाललं असतं. आज तावातावानं सर्व्हिस सेंटरला गेले, तर तो पोरगा मला बॅटरीजवळच्या फ्यूजच्या डबीपाशी घेऊन गेला. "मॅडम, हे कुणी केलं?"

मेन फ्यूजच्या जागी तांब्याची तार. पिळून, दोन्ही बोल्टांना छान गुंडाळलेली.

गेल्या गणपतीतली. गावाला निघायच्या आदल्या रात्री गाडी चार्जिंग घेईना, मेन फ्यूज उडाला होता. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा एक वायरमन म्हणाला, "ताई, फ्यूज उद्या मिळेल. आज तार मारून देतो, कोकणातून आलात की बदलून घ्या." मी त्याला वर शंभर रुपये दिले आणि म्हटलं, तुमच्यासारखे कारागीर राहिले नाहीत आता. गणपती आले, गेले, तार राहिली. शुक्रवारी डायनामातले, करंट उलटा येऊ न देणारे डायोड शॉर्ट झाले, बॅटरीचा सगळा करंट उलटा डायनामात घुसला, आणि ज्या फ्यूजनं उडून केबल वाचवायची तो होताच कुठे?

त्या रात्री एक जण म्हणाला होता, "अगं, तार नको, उद्या निघू." त्याला मी म्हटलं होतं, तुला काय कळतं त्यातलं.

तारेचं घरी अजून सांगितलेलं नाही. किट मात्र घेणार नाही म्हणजे नाही. एस्टिमेट रद्द करून आले, उद्या गाडी टो करून सीएसटी रोडला, दुसऱ्या वायरमनकडे, आणि फ्यूज मी स्वतः खरेदी करणार, दोन.

पण डॅशबोर्ड! जळालं बोनेटखाली, तर डॅशबोर्ड कशाला उतरवायचा होता ते मला कुणीतरी सांगा.