शिवरात्रीचं तिकीट

मंग्यानं कटिंगचा ग्लास पायरीवर ठेवला आणि जाहीर केलं, "आठ सीटा. काठमांडू, पोखरा, मुक्तिनाथ. शिवरात्रीला पशुपतिनाथ. नाना, तुमचं नाव पहिलं लिहिलंय."

डोंबिवलीच्या फडके रोडवर एका बंद दुकानाच्या पायऱ्या हा आमचा कट्टा. मालक दोघे भाऊ कोर्टात भांडतायत, तोवर आमची सोय आहे. डिसेंबर लागत होता, वर्ष २०२५.

"नेपाळ?" वैशाली म्हणाली. "सप्टेंबरमध्ये संसद जाळली रे तिथल्या आंदोलकांनी."

"सप्टेंबर गेला. आता नवीन पंतप्रधान आहेत, सुशीला कार्की. सगळं शांत."

"कसलं शांत?" सुन्या मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. "शिवरात्र १५ फेब्रुवारीला. निवडणूक ५ मार्चला. म्हणजे तू ऐन प्रचारात नेतोयस सगळ्यांना. आणि परवाच नोव्हेंबरात सिमऱ्याला संचारबंदी लागली. सिमरा कुठंय माहितीये? बिहारच्या सीमेवरच्या रक्सौलहून वर काठमांडूला जाताना वाटेतच."

मंग्या गप्प बसला. त्याचं पॅकेज येताना रक्सौलवरूनच होतं, विमानापेक्षा स्वस्त म्हणून.

नानांचं म्हणणं वेगळं. नाना रेल्वेतून निवृत्त, वय ७१. "पर्यटकाला कुणी हात लावत नाही. त्यांचं पोट आपल्यावर आहे. भांडण त्यांचं त्यांच्या पुढाऱ्यांशी."

"हिल्टन कुणाचं होतं मग? पुढाऱ्यांचं?" वैशाली उसळली. "नवंकोरं हॉटेल, जाळून टाकलं. पोखऱ्यातही हॉटेल पेटलं. काठमांडूत पेटलेल्या हॉटेलातून जीव वाचवताना आपल्याकडची एक बाई गेली. तिला कुणी मारायला आलं नव्हतं नाना. ती फक्त तिथं होती."

यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. रिक्षावाल्यांचे हॉर्न तेवढे.

मग सुन्यानं मावसभावाची गोष्ट काढली. तो त्या आठवड्यात तिथंच होता. काठमांडूत, ठमेलच्या गल्लीत, एका कुटुंबाच्या लॉजमध्ये, खाली मालकाचंच किराणा दुकान. सोशल मीडिया बंदीविरुद्ध तरुण पोरं रस्त्यावर उतरली, ८ सप्टेंबरला गोळीबारात त्यातली १९ गेली. ९ ला दुपारी तेव्हाचे पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला, आणि राजीनाम्यानं आग विझेल असं वाटलं तर ती भडकलीच. सिंहदरबार म्हणजे त्यांचं मंत्रालय, सर्वोच्च न्यायालय, मंत्र्यांची घरं. गच्चीवरून नुसता धूर दिसत होता म्हणे. विमानतळ बंद, दिल्लीहून निघालेली विमानं परत फिरली.

"यांचा नऊ जणांचा ग्रुप होता. पाच जण म्हणाले, आत्ताच्या आत्ता गाडी करू आणि बॉर्डर गाठू. जीपवाल्यानं मागितले तेवढे मोजले. माझा भाऊ आणि उरलेले तिघं लॉजवरच राहिले. मालकानं शटर ओढलं, दोन वेळ डाळभात दिला, आणि संध्याकाळी पत्ते काढले."

"आणि पाच जण?"

"बॉर्डरच्या वाटेवर, हेटौड्याच्या अलीकडे टायर जळत होते. रात्रभर जीपमध्ये. त्यात तुरुंग फुटलेले, तेरा हजारांवर कैदी बाहेर. बॉर्डरवर आपले एसएसबीवाले, सीमेवरचे जवान, पळालेले कैदी हुडकत होते, तिथं हे बॅगा घेऊन पोचले. पोचले सुखरूप. पण वहिनी अजून नेपाळचं नाव काढू देत नाही."

"विमानतळ तर १० ला संध्याकाळी उघडला," मी म्हटलं. "म्हणजे एक दिवस थांबायचं होतं."

"हे आता बोलायला सोपं आहे," मंग्या म्हणाला. "पेटलेल्या गावात कोण थांबतं?"

नानांनी तंबाखूची डबी बंद केली. "२६ जुलै २००५. आमच्या ऑफिसातले जे संध्याकाळी निघाले ते कुर्ल्याच्या पाण्यात छातीपर्यंत. मी टेबलावर झोपलो. सकाळी कॅन्टीनवाल्यानं पोहे दिले."

हे उदाहरण नाना कुठल्याही विषयात आणतात, अगदी शेअर बाजारातसुद्धा, पण या वेळी चपखल बसलं. आपल्या परराष्ट्र खात्यानंही ९ सप्टेंबरला हेच सांगितलं होतं: आहात तिथं थांबा, रस्त्यावर येऊ नका. मंग्याला ते पटेना. त्याच्या मते सरकार असं सांगणारच, त्यांचं काय जातं?

"तुझ्या गल्लीतल्या लॉजला आग लागली तर?" त्यानं सुन्याला विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. सुन्याचं उत्तर असं, की जमावाला सत्तेची खूण हवी असते. सरकारी इमारत, पक्षाचं कार्यालय, पैसेवाल्याचं काचेचं हॉटेल. किराणा दुकानाच्या वरच्या खोल्यांशी त्याला देणंघेणं नसतं. मला हे पुरतं पटलं नाही, आग शेजारून पण येते. पण संसदेच्या बाजूचं पंचतारांकित की गल्लीतला लॉज, असं विचारलंत तर मीही लॉजच घेईन. दुसऱ्या मजल्याच्या वर मात्र नको, आणि मागचा जिना आधी बघून ठेवायचा.

वैशाली बँकेत. तिचा मुद्दा पैशाचा. "यूपीआय चालतं तिथं, क्यूआरवर, मान्य. पण २०२४ च्या जुलैत बांगलादेशात काय झालं? अख्ख्या देशाचं इंटरनेट बंद. आपली डॉक्टरकीची पोरं आगरतळ्याकडून, मेघालयातल्या डावकीकडून चालत आली. फोन म्हणजे नुसती विटकर. शंभरच्या नोटा घ्या गड्डीभर. आपल्या मोठ्या नोटा तिथं चालवायचा नियम बदलो नाहीतर न बदलो, दुकानदार मान हलवतो तेव्हा त्याला परिपत्रक वाचून दाखवणार का? शंभराचे तिथले एकशे साठ, हिशोब पोरालाही येतो."

"आणि फोनमध्ये व्हायबर टाका, व्हॉट्सॲपसारखंच ॲप," सुन्या म्हणाला.

"ते कोण वापरतं?"

"तेच तर. ४ सप्टेंबरला त्यांनी २६ ॲप बंद केली, व्हॉट्सॲप, फेसबुक, सगळी. व्हायबरनं नोंदणी केली होती म्हणून चालू राहिलं. भाऊ चार दिवस मावशीला व्हायबर टाक म्हणून एसएमएस करत होता, मावशीला वाटलं फसवणुकीचा मेसेज."

विम्याचं मंग्यानं छाती ठोकून सांगितलं, सगळं कव्हर आहे. वैशालीनं त्याच्याकडून पॉलिसीची पीडीएफ मागवली आणि शोधून वाचून दाखवलं: युद्ध, दंगल, नागरी अशांतता वगळून. मंग्या म्हणाला, एवढं बारीक कोण वाचतं. वैशाली म्हणाली, क्लेम नाकारणारा.

कागदपत्रांवरून आणखी एक फेरी झाली. मंग्याच्या यादीत सगळ्यांचं आधार होतं. नेपाळच्या विमानाला आधार फक्त पंधराच्या आतल्यांना आणि पासष्टच्या वरच्यांना. बाकीच्यांना पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र. म्हणजे आठांत फक्त नाना कायदेशीर. नाना खूश. मी म्हटलं, शक्य असेल त्यानं पासपोर्टच काढावा. संचारबंदीत नाक्यावरच्या सैनिकाला पासपोर्ट आणि विमानाचं तिकीट एका नजरेत कळतं, सुन्याच्या भावाला त्यावरच सोडलं होतं.

माझं भांडण मात्र वेगळ्याच ठिकाणी होतं. मंग्याचं वेळापत्रक असं: सकाळी पोखऱ्याहून मुक्तिनाथच्या वाटेवरच्या जोमसोमचं विमान, दुपारी मुक्तिनाथ, दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी काठमांडू, त्याच रात्री बस, चौथ्या दिवशी रक्सौलहून ट्रेन. जोमसोमची विमानं सकाळीच उडतात, दुपारी वारा सुटतो. एक सकाळ धुकं पडलं की पुढचं सगळं कोलमडलं. आणि मग आठ माणसं, कन्फर्म तिकीट बुडतंय म्हणून, बंद असलेल्या रस्त्यावरून रात्री जीप काढणार. भावाच्या ग्रुपमधल्या त्या पाच जणांनाही घाबरवलं होतं ते आगीनं कमी आणि दुसऱ्या दिवशीच्या ट्रेननं जास्त.

"परतीच्या आधी दोन दिवस मोकळे ठेव," मी म्हटलं. "काठमांडूत. काही न करता."

"दोन दिवसांचं हॉटेल, जेवण, कोण भरणार? शिवाय रजा? लोक मला विचारतात मंगेश, सहा दिवसांत बसव."

"मग मुक्तिनाथ काढ."

"मुक्तिनाथ काढलं तर नाना येणार नाहीत."

सगळे नानांकडे बघायला लागले. नाना म्हणाले, "शिवरात्र सोडणार नाही. मुक्तिनाथाला फेब्रुवारीत बर्फ असतो, बीपीवाल्यानं कशाला जायचं, हे मला कालच डॉक्टर म्हणाले. मीच तुला सांगणार होतो."

मंग्यानं वहीत मुक्तिनाथवर काट मारली, रक्सौलभोवती गोल केला आणि पुढे प्रश्नचिन्ह. वैशालीनं स्वतःचं नाव खोडायला लावलं. ती म्हणाली निवडणूक होऊ दे, एप्रिलमध्ये बघू, पशुपतिनाथ कुठं पळून जात नाही. सुन्या येणार, पण विमानानंच. आठाचे सात झाले.

नाना उठले, गुडघा धरून.

"कुठं?"

"मेडिकल बंद होईल. बीपीच्या गोळ्या सांगून ठेवतो. सहा दिवसांची टूर ना? वीस दिवसांच्या घेतो."

"नाना, दोन महिने आहेत अजून!"

"तू तिकीट आजच काढतोयस ना?" म्हणाले, आणि रस्ता ओलांडून गेले.