दुपारी दोन ते साडेतीन

सोसायटीच्या ग्रुपवर परवा माझ्या नावाने गेलेला मेसेज असा: 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की उद्या टाकी धुण्याचे ककककककककक'. मी पडलो सेक्रेटरी. कागदात बघून टाइप करतो, स्क्रीनकडे लक्ष जातं ते एंटर मारल्यावर. पुसेपर्यंत चौदा जणांनी वाचून झालं होतं. बी विंगमधल्या एकाने 'बाराखडी तरी पूर्ण करा' असं सुचवलं आणि एका ताईंनी बायकोला फोन करून, माझं तोंड वाकडं झालंय का, ते बघायला सांगितलं. बायकोने खरंच येऊन बघितलं.

आठवडाभर हेच चाललं होतं. दुपारचे दोन वाजले की कॉम्प्युटर आपोआप क काढायला लागायचा. मध्येच क सोडून त धरायचा. साडेतीनला गप्प. दुरुस्तीवाला मुलगा साडेचारला उगवला, तेव्हा मशीन सासरी आलेल्या जावयासारखं सभ्य. 'व्हायरस असेल काका,' म्हणाला आणि फॉरमॅट मारला. 'बॅकअप आहे ना?' हे त्याने त्यानंतर विचारलं. सहा वर्षांची इतिवृत्तं गेली, वर आठशे रुपये गेले. दुसऱ्या दिवशी दोनला क हजर.

मग तिसऱ्या मजल्यावरचे अप्पा आले. बोलावलं नव्हतं. अप्पांची उभी हयात टेलिफोन खात्यात गेली. अजून खिशात टेस्टर असतो. आल्या आल्या ते टेबलाखाली शिरले. नव्वद किलोचा माणूस टेबलाखाली शिरतो तेव्हा टेबलच त्याच्या अंगावर घातल्यासारखं दिसतं. आतून आवाज आला, 'कीबोर्डची लाइन कुठाय?'

'लाइन नाहीये अप्पा. वायरलेस आहे.'

अप्पा बाहेर आले. मी लग्न न करताच संसार थाटलाय अशा नजरेने माझ्याकडे बघत म्हणाले, 'लाइनच नाही, तर फॉल्ट शोधायचा कुठे?'

हा प्रश्न, खरं सांगतो, मला अजून छळतोय. माझा कीबोर्ड कॉम्प्युटरपासून दोन वितींवर असतो. त्याला दहा मीटरची रेंज कशाला? मी काय स्वयंपाकघरातून नोटीस टाइप करणार आहे? माऊस शोधून काढणाऱ्या डग्लस एंगेलबार्टने ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत लोकांना दाखवला, त्या माऊसला वायर होती. त्या शेपटीवरूनच तर उंदीर हे नाव पडलं म्हणतात. आपण शेपूट कापली आणि वर सेलचे पैसे भरतोय.

अप्पांनी तोवर लहरींचा माग काढला होता. माझा माऊस-कीबोर्ड २.४ गिगाहर्ट्झवर, वायफाय तिथेच, मायक्रोवेव्हही २.४५वर. 'एवढी गर्दी एका लाइनीवर!' म्हणत त्यांनी राऊटर बंद केला, मायक्रोवेव्हची पिन काढली, खबरदारी म्हणून मिक्सरचीही. अप्पा अगदीच चुकीचे नव्हते. हार्ड डिस्क वगैरे लावायच्या यूएसबी ३.० जोडणीच्या रेडिओ-गोंगाटाने याच पट्ट्यात त्रास होतो, हे इंटेलने २०१२मध्येच लिहून ठेवलंय. मागे हार्ड डिस्क लावली की माझा माऊस लंगडायचा. तेव्हा डोंगल, म्हणजे माऊसच्या लहरी पकडायला कॉम्प्युटरला खोचतात तो चिमुकला तुकडा, लांब नेण्यासाठी मी एक्स्टेन्शनची वायर आणली. बिनवायरीचा माऊस चालावा म्हणून विकतची वायर! पण गोंगाटाने अक्षरं गळतात, बाण अडखळतो. वेळापत्रक लावून क गिरवत नाही कोणी.

तरी अप्पा आले की क थांबायचा. बेल वाजायची, आई चहा टाकायला उठायची, अप्पा कुठलीतरी पिन उपटायचे आणि ओरडायचे, 'बघ, थांबलं!' चार दिवस आम्ही दूध गॅसवर गरम केलं.

पाचव्या दिवशी आई भिशीला गेली होती. दोन वाजून गेले तरी क नाही. अप्पांना उकडत होतं, म्हणून ते आतल्या खोलीत आईच्या दिवाणावर पंख्याखाली जाऊन टेकले. आणि माझ्या स्क्रीनवर उमटलं: परकतचचचचचचच.

'अप्पा, उठा.' थांबलं. 'बसा.' चचचच. असं तीनदा झालं. अप्पांना धाप लागली.

मी गादी उचलली. खाली गेल्या वर्षीचं कॅलेंडर, लाइट बिलं, साड्यांच्या दुकानातल्या पिशव्या आणि माझा जुना कीबोर्ड. अक्षरं पुसली म्हणून दिवाळीत नवा आणला होता. जुन्याचं डोंगल कॉम्प्युटरच्या पाठीमागे धुळीत तसंच राहिलेलं. आई दुपारी आडवी झाली की क. कूस बदलली की शेजारचा त.

'चांगला होता, टाकवेना,' आई म्हणाली. 'आणि वायर नाही म्हटल्यावर तो जिवंत आहे हे मला कसं कळणार?'

दुरुस्तीवाल्याला फोन केला. 'फॉरमॅटने मशीन फास्ट झालं ना काका?' म्हणाला. आठशे परत देण्याचा विषयच नाही.

संध्याकाळी ग्रुपवर अप्पांचा मेसेज आला: 'सेक्रेटरींच्या कॉम्प्युटरचा फॉल्ट मी बसल्या बसल्या काढला.' बत्तीस अंगठे. मी नव्याने टाकलेल्या टाकीच्या नोटिशीला दोन, त्यातला एक बायकोचा.