आत्याच्या फोनवरचा मेसेज आणि ग्रीन बेल्टमधली सहा बिऱ्हाडं

रविवारी आत्याकडे जेवायला गेले होते. पानं उचलून झाल्यावर तिने हात पुसत फोन माझ्यापुढे धरला. "अगं, एवढं कौन्सिलच्या वेबसाइटवर भरून दे. मजकूर तयार आहे, फक्त माझं नाव-पत्ता टाक." मजकूर आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरून आला होता. मूळ इंग्रजी, कुणीतरी घाईघाईने मराठीत आणलेलं, वर लाल घंटा आणि खाली "सर्वांनी आजच पाठवा". त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली होती.

प्रकरण असं. आमच्या गावाबाहेर, लंडनभोवतीच्या ग्रीन बेल्टमध्ये, म्हणजे शहर पसरू नये म्हणून मोकळ्या राखलेल्या पट्ट्यात, रोपांच्या एका बंद पडलेल्या नर्सरीच्या जागेवर, पिढ्यान्‌पिढ्या भटकं जगणं जगत आलेल्या जिप्सी-ट्रॅव्हलर कुटुंबांसाठी सहा पिचची साइट करू द्या असा अर्ज आला आहे. पिच म्हणजे एका कुटुंबाची जागा: राहायला एक मोबाइल होम, प्रवासाला एक कॅरव्हॅन (गाडीमागे ओढत न्यायचं घर), न्हाणीघर-स्वयंपाकघराची छोटी खोली आणि गाडी लावायला जागा. मेसेजचं म्हणणं थोडक्यात हे: "ग्रीन बेल्टमध्ये आपल्याला साधी कन्झर्व्हेटरी (घरामागची काचेची खोली) बांधू देत नाहीत, यांना मात्र कायद्याने आपोआप परवानगी. हे टॅक्स भरत नाहीत. आधी घुसतात, मग अर्ज करतात. घरांच्या किमती कोसळतील. ही जातच चोरांची, मुलींना एकटं सोडू नका."

विरोधाचा तो मजकूर मी फॉर्ममध्ये भरला नाही. ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या असत्या तर नुसतं भांडण झालं असतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

कन्झर्व्हेटरीपासून सुरुवात करू, कारण हा मेसेज लिहिणाऱ्याने नियम उघडूनसुद्धा पाहिलेला नाही. घर ग्रीन बेल्टमध्ये आहे एवढ्यावरून मागे छोटं बांधकाम करण्याचे नेहमीचे हक्क जात नाहीत. त्याहून मोठं वाढवायचं असेल तर अर्ज करावा लागतो, आणि मूळ घराच्या मानाने अवाढव्य नसेल तर तेही मिळतं. मग हे "आपल्याला काहीच करू देत नाहीत" आलं कुठून? आत्याच्या गल्लीतच तीन घरांनी मागे खोल्या काढल्या आहेत. त्यातल्या एका घराने हाच मेसेज पुढे पाठवला आहे.

आणि "यांना आपोआप परवानगी" हे तर सरळ उलटं आहे. ट्रॅव्हलर साइट्ससाठी इंग्लंडच्या सरकारचं वेगळं धोरणपत्र आहे, २०१२ सालचं. ग्रीन बेल्टमधली ट्रॅव्हलर साइट, मग ती तात्पुरती असो की कायमची, हा अयोग्य विकास आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. परवानगी फक्त 'अगदी विशेष परिस्थिती' दाखवता आली तर. २०१५ मध्ये त्यात आणखी एक पाचर मारली: मुलांच्या हिताचा प्रश्न सोडला, तर कुटुंबाची वैयक्तिक अडचण आणि जागांची टंचाई ही कारणं ग्रीन बेल्टच्या नुकसानापेक्षा वरचढ ठरण्याची शक्यता कमीच. याला आपोआप परवानगी म्हणायचं?

एवढ्यावर भागलं नाही. २०१३ पासून तेव्हाच्या मंत्र्यांनी ग्रीन बेल्टमधल्या ट्रॅव्हलर साइट्सची अपिलं, ती एरवी ऐकणाऱ्या प्लॅनिंग निरीक्षकांच्या हातून काढून स्वतःकडे मागवायला सुरुवात केली. कुटुंबं महिनोन्‌महिने निकालाची वाट पाहत बसली. शेवटी दोघी जिप्सी स्त्रिया कोर्टात गेल्या आणि जानेवारी २०१५ मध्ये हायकोर्टाने निकाल दिला की ही पद्धत भेदभावाची आणि बेकायदा आहे. झुकतं माप होतं ते हे, आणि ते त्यांच्या विरुद्ध बाजूला होतं. डिसेंबर २०२४ मध्ये नियम सैल झाले, हे मान्य. ग्रीन बेल्टमधल्या आधी बांधकाम झालेल्या किंवा ग्रीन बेल्टचा हेतू फारसा न साधणाऱ्या जागांना 'ग्रे बेल्ट' म्हणून वेगळं काढलं. पण ती सवलत बिल्डरांच्या घरांनाही आहे. पलीकडच्या शेतात चाळीस-पन्नास घरांची स्कीम येणार असं बोललं जातं, त्यावर ग्रुपमध्ये कुणी लाल घंटा वाजवलेली मला दिसली नाही.

मग हे लोक ग्रीन बेल्टमध्येच का येतात? १९६८ च्या कायद्याने त्यांच्यासाठी साइट्स करणं ही कौन्सिलांची जबाबदारी ठरवली होती. बऱ्याच कौन्सिलांनी ती टाळली, आणि १९९४ मध्ये सरकारने ती जबाबदारीच काढून टाकली. त्यांना सांगितलं गेलं, स्वतः जमीन घ्या आणि परवानगी मागा. त्यांनी जमीन घेतली. पण गावातली जमीन बिल्डरच्या भावाने कोण घेणार? इंग्लंडची साधारण एक अष्टमांश जमीन ग्रीन बेल्ट आहे, आणि लंडनच्या आसपास तर प्रमाण फारच मोठं. सरे परगण्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग त्यात येतो. तिथे ग्रीन बेल्टबाहेर शेताचा तुकडा शोधून दाखवा.

त्या नर्सरीच्या जागेवर मी सोमवारी जाऊन आले. फुटक्या काचघरांचे सांगाडे, त्यातून वर आलेली काटेरी झुडपं, आणि जिथे गिऱ्हाइकांच्या गाड्या लागायच्या तिथे भेगाळलेलं डांबर. मेसेजमध्ये "हिरवंगार कुरण" म्हणून जो फोटो आहे तो या जागेचा नाही. त्यात मागे टेकडी दिसते; आमच्या पंचक्रोशीत टेकडी नाही.

टॅक्सचं दोन वाक्यांत संपवते. साइटवरच्या प्रत्येक कुटुंबाच्या पिचला कौन्सिल टॅक्स लागतो. कौन्सिलच्या साइटवर राहणारे वर भाडंही भरतात, आणि पाणी-विजेचे पैसे इतरांसारखेच देतात. घरांच्या किमतींबद्दल तर ग्रुपवरच्या इंजिनिअर मंडळींना तरी ठाऊक असायला हवं होतं की प्लॅनिंगच्या निर्णयात शेजारच्या घराची किंमत हा मुद्दा धरतच नाहीत. तो लिहून पाठवला काय आणि न पाठवला काय, सारखंच.

"आधी घुसतात, मग अर्ज करतात" यात मात्र तथ्य आहे. मला ते आवडत नाही, पण आहे. बँक हॉलिडेच्या शुक्रवारी संध्याकाळी, कौन्सिलची कचेरी बंद झाली की, ट्रक येतात, खडी पडते आणि मंगळवारपर्यंत कॅरव्हॅन उभ्या. असं घडलेलं आहे, आणि शेजाऱ्यांना राग येणं स्वाभाविक आहे. एसेक्समधल्या डेल फार्मचं उदाहरण सगळे देतात. जमीन त्यांच्याच मालकीची, पूर्वी तिथे भंगाराचा अड्डा. अर्ध्या भागाला परवानगी होती, अर्ध्याला नव्हती. ऑक्टोबर २०११ मध्ये सुमारे ऐंशी कुटुंबांना बाहेर काढलं, आणि कौन्सिल व पोलीस मिळून खर्च ७० लाख पौंडांच्या घरात गेला. त्यातली बरीच कुटुंबं कुठे गेली? शेजारच्या रस्त्याच्या कडेला. पण बांधून मग परवानगी मागण्याची सोय कायद्यात प्रत्येकाला आहे, आणि ऑगस्ट २०१५ पासून जाणूनबुजून तसं केलं तर ते अर्जाच्या विरोधात धरलं जातं. आणि आमच्याकडे? इथे तर अर्ज आधी आला आहे. जागा रिकामी आहे, फाटकाला कुलूप आहे. नियम पाळून आलेल्या माणसाला नियम न पाळणाऱ्याचं पाप का चिकटवायचं?

आता शेवटचं वाक्य. "ही जातच चोरांची." हे मराठीत वाचून माझ्या पोटात ढवळून आलं, आणि ते आत्याच्या फोनवर होतं याचं जास्त वाईट वाटलं.

आत्याचं माहेर सोलापूर. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो देशभर नेला. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची नोंद, पोलिसांकडे हजेरी, पासाशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, त्या वस्तीला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला कुंपण सुटलं, विमुक्त हा शब्द तिथून आला. आत्याचा जन्म त्याच वर्षीचा. तिला मी विचारलं, "तुमच्या वर्गात सेटलमेंटमधली मुलं होती का गं?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "एक होती. मागच्या बाकावर. कुणाची पेन्सिल हरवली की बाई आधी तिचं दप्तर उलटं करायच्या. मीसुद्धा एकदा तिचं नाव सांगितलं होतं. पेन्सिल माझ्याच डब्यात निघाली."

आज पारधी कुटुंबाने गावाबाहेर पाल ठोकलं की चोरी कुठेही होवो, पहिलं वॉरंट तिथे जातं, हे महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. जिप्सींना इथे काय भोगावं लागलं? १५५४ च्या कायद्याने जिप्सी म्हणून या देशात राहणं हाच देहदंडाचा गुन्हा होता. आणि हे जुनं झालं म्हणाल, तर २०२१ मध्ये पॉन्टिन्स या हॉलिडे पार्कवाल्यांची यादी बाहेर आली, त्यात ट्रॅव्हलर्समध्ये आढळणारी चाळीस आयरिश आडनावं होती आणि त्यांना बुकिंग द्यायचं नाही असा हुकूम होता. २०२४ मध्ये समानता आयोगाने तो बेकायदा वांशिक भेदभाव ठरवला. आडनाव ऐकून फ्लॅट नाकारणं आपल्याला नवीन आहे का?

रोमानी जिप्सींची भाषा मुळात आपल्याच कुळातली आहे. पाण्याला पानी, नाकाला नाक, कानाला कान. येक, दुई, त्रिन असं मोजतात. आयरिश ट्रॅव्हलर्सचा आपल्याशी असा काही धागा नाही, आणि म्हणून त्यांना चोर म्हणायला मोकळीक मिळते असंही नाही. दोन्ही समाजांना इथला कायदा वांशिक गट मानतो. इंग्लंड-वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर अशी नोंद करणारे जेमतेम ७१ हजार, त्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त विटांच्या घरात राहतात. तुमच्या ऑफिसात, तुमच्या मुलांच्या वर्गात ते असतील. अशा मेसेजमुळेच ते सांगत नसतील.

ज्यांनी तो मजकूर जसाच्या तसा पाठवला त्यांनी लक्षात घ्यावं, तीच ओळ शंभर वेळा आली म्हणून मुद्दे शंभर होत नाहीत. आणि जातीवरून लिहिलेला मजकूर कौन्सिल विचारात घेत नाही, म्हणजे त्यातला एखादा रास्त मुद्दाही सोबत वाया जातो.

रास्त मुद्दा आहे, आणि तो आत्यानेच काढला. नर्सरीकडे जाणाऱ्या रस्त्याला फूटपाथ नाही. वळणावर कुंपणाची झाडी इतकी वाढली आहे की समोरून येणारी गाडी दिसत नाही. बसस्टॉपला जाताना तिला स्वतःला दोनदा झाडीत घुसावं लागलं आहे. मी लॅपटॉप उघडला. फॉर्मवर विरोध, पाठिंबा आणि तटस्थ असे तीन गोल होते. तिने बराच वेळ विचार केला, तटस्थ निवडायला सांगितलं, आणि मला शब्द घालून दिले: "इथे सहा कुटुंबं राहायला येणार असतील तर त्यांच्या मुलांना शाळेत चालत जाण्यासाठी वळणापर्यंत फूटपाथ करावा आणि झाडी छाटावी. आम्हालाही तो हवा आहे."

पाठवून झाल्यावर तिने ग्रुप उघडला आणि आपले जोडलेले हात काढून टाकले.