पेटावॉट लेसर: शक्तीचा आकडा आणि ऊर्जेचा गैरसमज

रोमानियातील मॅगुरेले येथील 10 पेटावॉटचा (1 पेटावॉट म्हणजे 10 चा 15 वा घात इतके वॉट) लेसर जगातील सर्व वीजकेंद्रांपेक्षा जास्त ऊर्जा निर्माण करतो, विशिष्ट स्फटिकांतून गेल्यावर प्रकाशाची ऊर्जा दुप्पट होते, आणि असा किरण अवकाश फाडू शकतो किंवा दूरचे शहर क्षणात जाळू शकतो, असा दावा वारंवार फिरवला जातो. त्यातला 10 पेटावॉट हा आकडा खरा आहे. घोटाळा आहे तो त्याच्या वाचनात.

वॉट हे शक्तीचे, म्हणजे ऊर्जा किती वेगाने दिली जाते याचे, एकक आहे, ऊर्जेचे नव्हे. जगाची वीजनिर्मिती सरासरीने साडेतीन टेरावॉटच्या (टेरावॉट म्हणजे पेटावॉटचा हजारावा भाग) आसपास भरते, म्हणजे शक्तीपुरते बोलायचे तर हा लेसर तिच्या जवळजवळ तीन हजार पट ठरतो, हे मान्यच करावे लागेल. परंतु ही शक्ती टिकते सुमारे 23 फेम्टोसेकंद (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग). तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम 7 मायक्रोमीटर पुढे सरकतो, आणि प्रकाशाच्या त्या क्षणिक झोतात, म्हणजे स्पंदात, सुमारे 230 जूल ऊर्जा असते, जी 23 किलोचे ओझे मीटरभर उचलण्यात खर्ची पडेल. असा स्पंद मिनिटाला एकच सोडला जातो, म्हणून सरासरी शक्ती काढली तर ती 4 वॉटच्या घरात येते. त्यावर एखादा लहानसा एलईडी दिवा चालेल. शिवाय हे 230 जूल मिळवण्यासाठी त्याच्या कितीतरी पट वीज आधी खर्चावी लागते.

मग एवढी शक्ती येते कुठून? 1985 मध्ये डोना स्ट्रिकलँड आणि जेरार मूरू यांनी रोचेस्टर विद्यापीठात दाखवलेल्या युक्तीतून, ज्यासाठी त्यांना 2018 च्या नोबेल पारितोषिकाचा निम्मा वाटा मिळाला. स्पंद आधी काळात ताणून त्याची तीव्रता कमी केली जाते, मग त्याचे वर्धन होते आणि शेवटी तो पुन्हा दाबला जातो. या शेवटच्या टप्प्यात शक्ती प्रचंड वाढते, ऊर्जा मात्र थोडी घटतेच.

स्फटिकात दुप्पट होते ती वारंवारता. अरेषीय प्रकाशशास्त्राचा (तीव्र प्रकाशाला पदार्थ प्रमाणाबाहेर प्रतिसाद देतो त्याच्या अभ्यासाचा) आरंभ मानल्या जाणाऱ्या 1961 च्या प्रयोगात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी माणिक लेसरचा 694 नॅनोमीटरचा लाल प्रकाश क्वार्ट्झमधून सोडून 347 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश मिळवला. तो इतका क्षीण होता की छापील छायाचित्रात बाण दिसतो, पण बाणाने दाखवलेला ठिपका दिसत नाही. दोन फोटॉन (प्रकाशाचे कण) मिळून दुप्पट ऊर्जेचा एक फोटॉन तयार होतो, म्हणजे फोटॉनांची संख्या निम्मी होते आणि हिशोब जिथल्या तिथे राहतो.

अवकाश फाडण्याच्या गोष्टीमागे एक खरी संकल्पना आहे. विद्युतक्षेत्र मीटरला सुमारे 10 चा 18 वा घात इतके व्होल्ट झाले, तर निर्वातातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण) यांच्या जोड्या आपोआप निर्माण व्हाव्यात, असे सिद्धान्त सांगतो. त्यासाठी चौरस सेंटिमीटरला 10 चा 29 वा घात इतक्या वॉटची तीव्रता लागेल. दक्षिण कोरियात 2021 मध्ये नोंदवलेला उच्चांक 10 च्या 23 व्या घाताच्या किंचित वर आहे. दहा लाख पटींचे अंतर अजून बाकी आहे, आणि ते उद्या संपले तरी निर्माण होतील ते कण. त्याला फाटणे म्हणणे ही केवळ अलंकारिक भाषा आहे.

शहर जाळण्याच्या कल्पनेला तर हवाच आडवी येते. तीव्र प्रकाश हवेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो हे ठरवणारा आकडा) बदलतो, त्यामुळे काही गिगावॉटपलीकडे किरण स्वतःच आवळला जाऊन हवेचे आयनीभवन करतो (तिच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटे करतो) आणि असंख्य तंतूंत विखुरतो. म्हणूनच दाबलेला पेटावॉट स्पंद निर्वात कक्षाबाहेर काढलाच जात नाही. शस्त्र म्हणून विकसित होणारे लेसर याच्या उलट, काही दहा ते काही शे किलोवॉटचे असतात आणि सेकंदानुसेकंद जळत राहतात: 100 किलोवॉटचा लेसर एका सेकंदात 1,00,000 जूल ओततो, तर 10 पेटावॉटचा एक स्पंद 230.