‘कॅन्सरला आता एक रुपया लागत नाही’ म्हणणाऱ्यांनी मावशीची वही बघावी

गेल्या महिनाभरात एकच मेसेज माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला: सोसायटीच्या, शाळेतल्या मित्रांच्या आणि आमच्या भावकीच्या. मजकूर थोडक्यात असा: महाराष्ट्रात कॅन्सरचा उपचार आता पूर्ण मोफत आहे. कार्ड काढलं की 5 लाखांपर्यंत एक रुपया लागत नाही. लोक घर-दागिने विकतात ते माहिती नसल्यामुळे किंवा प्रायव्हेटच्या हौसेपायी. तेव्हा कॅन्सरच्या नावानं कोणी पैसे मागितले तर देऊ नका, हा मेसेज पाठवा.

माझ्या मावशीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन, तिन्ही सरकारी योजनेतूनच झालं. योजना नसती तर पुण्यातल्या धायरीतलं तिचं दीड खोलीचं घर गेलं असतं. म्हणूनच हा मेसेज मला इतका लागला.

‘पूर्ण मोफत.’ योजना पैसे देते ते ठरलेल्या पॅकेजचे. केंद्राची आयुष्मान भारत काय किंवा आपल्या राज्याची महात्मा फुले योजना काय, दोन्हींचा भर दाखल झालेल्या रुग्णावर आणि केमोसारख्या, त्याच दिवशी घरी सोडतात अशा डे-केअर उपचारांवर आहे. कॅन्सर आहे हे कळेपर्यंतची वाट मात्र ओपीडीतून जाते. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे, सोनोग्राफी, गाठीचा तुकडा काढून बायोप्सी, मग त्या तुकड्याच्या पुढच्या तपासण्या, मग कॅन्सर अंगात कुठे पसरलाय ते बघणारा पेट स्कॅन. स्वस्तातल्या ठिकाणी पेट स्कॅनचा नंबर तीन आठवड्यांनी लागत होता, बाहेर दुसऱ्याच दिवशी. छातीत गाठ असलेल्या बाईला तीन आठवडे थांब म्हणून कोण सांगेल? मावशीच्या पाटल्या गहाण पडल्या त्या इथे, उपचार सुरू व्हायच्याही आधी.

‘कार्ड काढलं की झालं.’ मावशीच्या आधारवर एक नाव आणि रेशन कार्डावर दुसरं. ते जुळवण्यात बारा दिवस गेले. योजना कॅशलेस आहे, आधी मंजुरी आणि मग उपचार. मंजुरीआधी खिशातून भरलेले पैसे नंतर परत मागायची सोय नाही. हे कोणी वेळेवर सांगत नाही आणि माणूस घाबरून डिपॉझिट भरून मोकळा होतो.

‘एक रुपया लागत नाही.’ मावशी चार घरी पोळ्या करायची. हिशोबाची सवय, म्हणून तिनं एका शंभरपानी वहीत सगळं लिहून ठेवलंय. रेडिएशनच्या 25 सिटिंग, आठवड्यातून पाच दिवस. धायरीहून पुणे स्टेशनकडच्या रुग्णालयापर्यंत साधारण 14 किलोमीटर. पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढे किलोमीटरला 17 या दरानं रिक्षाचे एका बाजूचे 240 धरा. जाऊन-येऊन 480. पंचवीस दिवसांचे 12,000. बस होती ना, असं कोणी म्हणेल. केमोनं गळून गेलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या बाईला सिंहगड रोडच्या गर्दीत दांड्याला लटकत उभं करून बघा. त्या वहीत पुढे उलटीच्या गोळ्या आहेत, तोंड आल्यावरचं औषध आहे, अंडी-पनीर आहे, दोन दिवसांआड नारळपाणी आहे.

आणि वहीत जे लिहिलेलंच नाही ते सगळ्यात मोठं. उजव्या बाजूचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या. हाताला सूज येते, जोर लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. उजव्या हाताला जोर न लावता लाटणं कसं चालवायचं? चार घरांचे महिन्याचे दहा हजार त्या दिवशी थांबले. काका सिक्युरिटीत. जितके दिवस तिच्याबरोबर गेले, तितके खाडे. कुठल्या कार्डावर हे भरून मिळतं?

‘प्रायव्हेटची हौस.’ हे वाक्य लिहिणाऱ्यानं सरकारी दवाखान्यात रांग लावलेली नसावी. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत कॅन्सरसाठी एकदा दाखल झाल्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयातही 22,520 रुपये निघाला होता, खासगीत 93,305. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, ही उच्च न्यायालयाच्या आदेशावरून आलेली योजना चांगलीच आहे. पण निर्धन ठरायला वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांच्या आत हवं. पोळ्या करणारी बाई आणि वॉचमन मिळून त्याच्या वर जातात. म्हणजे सवलत मिळेल, मोफत नाही.

‘5 लाखांपर्यंत.’ ते कुटुंबामागे वर्षाला. त्याच वर्षी काकांना अँजिओप्लास्टी लागली तर तीही त्यातूनच. 2019 मध्ये सरकारनं कॅन्सरच्या 42 औषधांवरचा व्यापारी नफा 30 टक्क्यांवर बांधला, त्यानं बऱ्याच औषधांच्या किमती उतरल्या, हे खरं आहे. पण पेम्ब्रोलिझुमॅबसारख्या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधाचा एकेक डोस लाखाच्या वर जातो.

शेवटची ओळ, ‘पैसे देऊ नका’. हिच्यासाठीच मी हे लिहायला बसलो. मावशी ज्यांच्याकडे पोळ्या करायची त्यातल्या एका घरानं काम बंद झाल्यावरही पाच महिने अर्धा पगार दिला. दुसऱ्या घरातून हाच मेसेज आला, खाली हात जोडलेले. मावशीनं तो मला दाखवला आणि विचारलं, “मी खोटं बोलले असं वाटलं का रे त्यांना?”

मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर ती ओळ काढा. तिच्या जागी लिहा: डिपॉझिट भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला भेटा, रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव आजच जुळवून घ्या, अडलं तर या योजनांच्या हेल्पलाइनला, 155388 किंवा 14555 वर फोन करा. आणि ओळखीत कोणाचं रेडिएशन चालू असेल तर रिक्षाला किती लागतात तेवढं विचारा.